कॅम्पस मुलाखत: रेझ्युमेतल्या प्रत्येक ओळीची तयारी

अभियांत्रिकीचं शेवटचं वर्ष सुरू झालं की प्लेसमेंटचा हंगाम येतो. आधी पात्रतेची चाळणी, मग ऑनलाइन ॲप्टिट्यूड आणि कोडिंगची चाचणी, मग तांत्रिक मुलाखत, शेवटी एचआर. चाचणीत चांगले गुण मिळवून मुलाखतीत अडखळणारी मुलं दरवर्षी दिसतात. यातल्या बहुतेकांनी मेहनत केलेली असते, पण ती चुकीच्या जागी. ‘हमखास विचारले जाणारे १०० प्रश्न’ पाठ करून ती आत जातात आणि समोरची व्यक्ती मात्र त्यांच्याच रेझ्युमेवर बोट ठेवून विचारते, “हे तुम्ही लिहिलंय, जरा सांगा.”

फ्रेशरची तांत्रिक मुलाखत बहुधा २० ते ४० मिनिटांत आटोपते. मुलाखत घेणाऱ्याने तुम्हाला आधी पाहिलेलं नसतं. त्याच्या हातात तुमचा एक कागद असतो, आणि प्रश्न त्यातूनच निघतात. म्हणून रेझ्युमे हाच अभ्यासक्रम मानायचा. जे लिहिलं आहे त्यावर सलग तीन उपप्रश्नांना उत्तर देता आलं पाहिजे. देता येत नसेल तर ती ओळ काढून टाकायची.

रेझ्युमे: एकच पान, त्यातही कमी

विद्यार्थ्याचा रेझ्युमे एका पानाचाच हवा. वरती नाव, मोबाइल, नावावरून ओळखता येईल असा ईमेल, गिटहब आणि लिंक्डइनचे दुवे. मग शिक्षण, प्रोजेक्ट, इंटर्नशिप असल्यास ती, कौशल्यं आणि शेवटी एखाद-दुसरी खरी कामगिरी. फोटो, वडिलांचं नाव, जन्मतारीख, वैवाहिक स्थिती, खालचं ‘मी जाहीर करतो की’ हे प्रतिज्ञापत्र, यातलं काहीही कंपनीने किंवा महाविद्यालयाच्या ठरावीक नमुन्याने मागितल्याशिवाय नको.

रंगीत, दोन रकान्यांचे तयार नमुने टाळा. मोठ्या कंपन्या अर्ज आधी सॉफ्टवेअरने वाचतात. दोन रकाने असले की कधी कधी डावीकडची ओळ उजवीकडच्या ओळीला जोडून वाचली जाते आणि सगळीच सरमिसळ होते. साधा एक रकाना, १० किंवा ११ आकाराचं अक्षर आणि पीडीएफ. फाइलचं नाव ‘रेझ्युमे फायनल २’ असं ठेवू नका. त्यात तुमचं नाव, आडनाव आणि शाखा असू द्या. गिटहबचा दुवा दुसऱ्याच्या मोबाइलवर उघडून पाहा, कारण रेपॉझिटरी (तिथलं तुमच्या कोडचं फोल्डर) खासगी राहून गेलेली असेल तर समोरच्याला काहीच दिसत नाही.

सगळ्यात मोठी चूक कौशल्यांच्या यादीत होते. सी, सी++, जावा, पायथन, रिॲक्ट, मशीन लर्निंग, क्लाउड, ब्लॉकचेन असं सगळं एका ओळीत लिहिलं की मुलाखत घेणारा त्यातलं सगळ्यात कच्चं वाटणारं निवडतो. त्यापेक्षा एक भाषा पक्की ठेवा. डेटाबेस पक्का ठेवा. बाकीच्यांसाठी ‘ओळख आहे’ असं वेगळं लिहा. ही वेगळी ओळ प्रामाणिक वाटते आणि तिच्यावर खोल प्रश्न सहसा येत नाहीत.

गुणांबद्दलही एक सूचना. सीजीपीएला सरसकट १० ने किंवा ९.५ ने गुणून टक्के काढू नका. ९.५ चा गुणाकार सीबीएसईच्या दहावीसाठी होता, तुमच्या विद्यापीठासाठी नाही. प्रत्येक विद्यापीठाचं स्वतःचं सूत्र असतं आणि ते बहुतेकदा गुणपत्रिकेच्या मागे छापलेलं असतं. अनेक कंपन्या दहावी, बारावी किंवा डिप्लोमा आणि पदवी या तिन्हींत ६० टक्क्यांची अट ठेवतात. चुकीच्या गुणाकाराने ५९.४ चे ६१ झाले, तर निवड झाल्यावर कागदपत्रांच्या पडताळणीत ते उघडं पडतं आणि हातात आलेली ऑफर जाते.

प्रोजेक्ट: निम्मी मुलाखत इथेच होते

प्रोजेक्ट चौघांनी मिळून केलेला असतो, पण मुलाखत एकट्याची असते. “आम्ही केलं, आम्ही वापरलं” असं सांगत राहिलात की पुढचा प्रश्न ठरलेला: “यात तुम्ही काय केलं?” त्याचं उत्तर एका वाक्यात आधीच तयार हवं. उदाहरणार्थ: “लॉगिन आणि हजेरीचा भाग मी लिहिला, डेटाबेसचे पाच टेबल मी बांधले, स्क्रीनचं डिझाइन माझ्या जोडीदाराने केलं.” कामाची वाटणी अशी स्पष्ट सांगणाऱ्यावर विश्वास बसतो.

एक कोरा कागद घ्या आणि प्रोजेक्टचं चित्र काढा: वापरकर्ता कुठून येतो, विनंती कुठे जाते, डेटा कुठे साठतो, उत्तर कसं परत येतं. हे चित्र दोन मिनिटांत न बघता काढता येईपर्यंत सराव करा. मग त्यातल्या प्रत्येक चौकटीला ‘हेच का?’ असं विचारा. मायएसक्यूएलच का, मोंगोडीबी का नाही? पासवर्ड साठवताना हॅश केला का (मूळ शब्द परत काढता येणार नाही असा बदलला का), की तसाच ठेवला? एकाच वेळी दोघांनी शेवटची सीट बुक केली तर काय होईल? हा शेवटचा प्रश्न तिकीट, हॉस्पिटल अपॉइंटमेंट, ग्रंथालय अशा कोणत्याही बुकिंगच्या प्रोजेक्टवर येतो आणि अनेकांनी त्याचा विचारच केलेला नसतो. उत्तर डेटाबेसच्या ट्रान्झॅक्शन आणि लॉकमध्ये आहे, म्हणजे एकाचं बुकिंग पूर्ण होईपर्यंत दुसऱ्याला थांबवण्यात. तेवढं वाचून जा.

मशीन लर्निंगचा प्रोजेक्ट असेल तर ‘अचूकता ९५ टक्के’ हे वाक्य जपून वापरा. १०० रुग्णांपैकी ९५ निरोगी असतील, तर सगळ्यांना निरोगी म्हणणारा मठ्ठ प्रोग्रॅमसुद्धा ९५ टक्के अचूक ठरतो आणि एकही आजारी माणूस शोधत नाही. म्हणून प्रिसिजन (आजारी ठरवलेल्यांपैकी खरोखर आजारी किती), रिकॉल (खऱ्या आजाऱ्यांपैकी सापडले किती) आणि डेटा किती होता, कुठून आणला, प्रशिक्षणाचा आणि चाचणीचा डेटा कसा वेगळा केला, हे सांगता यायला हवं.

विकत मिळणारे तयार प्रोजेक्ट ओळखणं अवघड नसतं. तेच विषय, तीच टेबलांची नावं आणि “हा बदल कुठल्या फाइलमध्ये कराल?” या साध्या प्रश्नाला शांतता. तुमचा प्रोजेक्ट तसा असेल तर अजून वेळ आहे. त्यातला एक भाग स्वतः नव्याने लिहा, छोटा असला तरी चालेल, आणि मुलाखतीत त्याबद्दलच बोला.

तांत्रिक विषय: थोडे, पण तळापर्यंत

चार आठवडे हाताशी असतील तर पहिला आठवडा तुमच्या भाषेला, दुसरा डेटाबेसला, तिसरा डेटा स्ट्रक्चर आणि कोडिंगला द्या. चौथ्यात ऑपरेटिंग सिस्टिम, नेटवर्क आणि सगळ्याची उजळणी करा. रोज दोन कोडिंग प्रश्न, त्यातला एक कागदावर, कारण अनेक ठिकाणी कागदच पुढे करतात आणि एडिटरची सवय झालेला हात तिथे अडतो.

व्याख्या पाठ असणं आणि विषय कळणं यातला फरक पुढच्या प्रश्नावर कळतो. तीन नमुने पाहा.

पहिला: प्रायमरी की आणि युनिक की यांत फरक काय? “प्रायमरीमध्ये नल, म्हणजे रिकामी नोंद, चालत नाही, युनिकमध्ये चालतो” हे सगळेच सांगतात. मग प्रश्न येतो: किती नल चालतात? मायएसक्यूएलमध्ये अनेक, कारण एक नल दुसऱ्या नलच्या बरोबरीचा मानला जात नाही. एसक्यूएल सर्व्हरच्या युनिक बंधनात मात्र एकच. हे कारणासह सांगणारा उमेदवार लक्षात राहतो.

दुसरा: दुसऱ्या क्रमांकाचा पगार काढा. उतरत्या क्रमाने लावून दुसरी ओळ उचलणारी क्वेरी दोघांचा पगार सर्वांत जास्त आणि सारखाच असेल तेव्हा चुकते. ती पहिलाच पगार पुन्हा देते. डिस्टिंक्ट वापरा, किंवा ‘सर्वांत मोठ्या पगारापेक्षा लहान असलेल्यांतला सर्वांत मोठा’ अशी आतली क्वेरी लिहा. तिसरा, चौथा असा कुठलाही क्रमांक मागितला तर डेन्स रँक, म्हणजे सारख्या पगारांना एकच क्रमांक देणारं एसक्यूएलचं फंक्शन.

तिसरा: ॲरेमधली दुसरी मोठी संख्या शोधा. क्रमवारी लावून सोडवली की “एकाच फेरीत जमेल का?” असं विचारतील. दोन चल घ्यायचे, मोठा आणि दुसरा मोठा, आणि एकदाच पुढे जायचं. दोन्ही चलांची सुरुवात शून्याने केली की सगळ्या संख्या ऋण असताना उत्तर चुकतं, आणि समान संख्यांचा विचार नसेल तर १०, १०, ७ या ॲरेत दुसरी मोठीही १० येते. कोड लिहून झाल्यावर कोणी विचारायच्या आत स्वतःच रिकामा ॲरे, एकच घटक, सगळे सारखे, सगळे ऋण, असे चार नमुने तोंडी चालवून दाखवा. कोडिंगच्या प्रश्नात याहून सोपे गुण कुठे मिळत नाहीत.

कोड लिहायला घेण्याआधी अर्धं मिनिट बोला: “मला प्रश्न असा समजला, इनपुट असा असेल, मी आधी साधी पद्धत सांगतो, मग सुधारतो.” गप्प बसून पाच मिनिटं खरडणाऱ्याच्या डोक्यात काय चाललंय हे समोरच्याला कळत नाही, त्यामुळे मदतीचा इशाराही देता येत नाही.

याशिवाय हे पक्कं असू द्या: ओव्हरलोडिंग आणि ओव्हररायडिंग, जावा असेल तर दोन स्ट्रिंगची तुलना दोन बरोबरच्या चिन्हांनी का फसते, जॉइनचे प्रकार, व्हेअर आणि हॅविंग, प्रोसेस आणि थ्रेड, डेडलॉक, टीसीपी आणि यूडीपी, स्टॅक आणि क्यू, बायनरी सर्चला यादी क्रमाने का लागते.

मेकॅनिकल किंवा सिव्हिलच्या मुलांनी चाकण, रांजणगाव, वाळूजच्या कारखान्यांसाठी किंवा बांधकाम कंपन्यांसाठी जाताना मोठ्या समीकरणांपेक्षा रोज हातात येणाऱ्या गोष्टी पक्क्या कराव्यात. नेहमीच्या व्हर्नियरचं लघुत्तम माप (लीस्ट काउंट) ०.०२ मिलिमीटर, मायक्रोमीटरचं ०.०१. होल बेसिस पद्धत (भोकाचं माप कायम ठेवून शाफ्टचं माप त्याप्रमाणे ठरवणं) जास्त का वापरतात? कारण ठरलेल्या मापाच्या ड्रिल-रीमरने भोक पाडून शाफ्टचं माप बदलणं स्वस्त पडतं. सिव्हिलमध्ये एम २० काँक्रीटमधले २० म्हणजे १५ सेंटिमीटरच्या ठोकळ्याची २८ दिवसांनंतरची ताकद, न्यूटन प्रति चौरस मिलिमीटरमध्ये. साध्या सिमेंटचा प्राथमिक घट्ट होण्याचा वेळ किमान ३० मिनिटं आणि अंतिम जास्तीत जास्त ६०० मिनिटं. ही माहिती प्रयोगवहीतच आहे. ती वही पुन्हा उघडा.

स्वतःची ओळख आणि इंग्रजीची भीती

ओळख ६० ते ९० सेकंदांची असावी. नाव, शाखा, महाविद्यालय, मग लगेच सर्वांत चांगला प्रोजेक्ट आणि त्यातलं तुमचं काम, एक पक्कं कौशल्य आणि ही नोकरी का, हे एका वाक्यात. वडील काय करतात, घरी किती जण, छंद कोणते, हे विचारल्याशिवाय नको. त्यात लाजण्यासारखं काही नाही, पण पहिलं मिनिट मौल्यवान असतं आणि पुढचे प्रश्न ओळखीच्या शेवटच्या वाक्यातून निघतात. म्हणून तुम्हाला ज्यावर बोलायला आवडेल तेच शेवटी ठेवा.

मराठी माध्यमातून आलेल्या मुलांना विषय येत असतो, पण बोलताना धीर सुटतो. सॉफ्टवेअरच्या मुलाखतीत व्याकरणापेक्षा मुद्दा कळतो का हे पाहिलं जातं. लहान वाक्यं बोला. एका वाक्यात एकच गोष्ट. वेग कमी ठेवा, कारण घाईत आपण मनातल्या मराठीचं भाषांतर करू लागतो आणि वाक्य मध्येच तुटतं. ‘मायसेल्फ अमुक’ न म्हणता ‘आय ॲम अमुक’. ‘आय ॲम हॅविंग टू प्रोजेक्ट्स’ न म्हणता ‘आय हॅव’. दर वाक्याला येणारे ‘ॲक्च्युली’ आणि ‘बेसिकली’ सरावाने कमी होतात. प्रश्न कळला नाही तर पुन्हा विचारायला सांगा. भलत्याच प्रश्नाचं उत्तर देण्यापेक्षा ते केव्हाही चांगलं.

सराव मोबाइलवर करा. रोज एक विषय, दोन मिनिटं, आवाज रेकॉर्ड करायचा आणि लगेच ऐकायचा. ऐकायला नको वाटतं, तरी ऐका. दोन-तीन आठवड्यांत फरक जाणवतो. शिवाय किमान तीन सराव मुलाखती द्या: एक शिक्षकांकडे, एक नोकरीला लागलेल्या सीनियरकडे आणि एक दुसऱ्या शाखेच्या मित्राकडे. तुमचा प्रोजेक्ट त्या मित्राला समजला तर एचआरलाही समजेल.

उत्तर येत नसेल तेव्हा काय करायचं, हेही आधी ठरवून ठेवा. अजिबात माहीत नसेल तर “हे मला माहीत नाही” एवढं पुरे. थोडं माहीत असेल तर कुठपर्यंत माहीत आहे ते सांगा आणि पुढे अंदाज करतोय असं म्हणून विचार मांडा. ठोकून दिलेलं उत्तर लगेच पकडलं जातं, आणि मग आधीच्या बरोबर उत्तरांवरही शंका येते.

एचआर: बॅक, गॅप आणि बदलीचे प्रश्न

केटी किंवा बॅक (राहिलेला विषय), इयर डाउन (वाया गेलेलं वर्ष), ड्रॉप (मध्ये घेतलेली सुट्टी). यातलं काही असेल तर तो प्रश्न येणारच. पेपर अवघड होता, तपासणी कडक होती, असा दोष विद्यापीठावर ढकलू नका. दोन वाक्यं पुरेत: काय झालं आणि त्यानंतर काय केलं. “दुसऱ्या वर्षी गणितात बॅक राहिला, पुढच्या प्रयत्नात सुटला, त्यानंतर एकही विषय राहिलेला नाही.” एवढं सांगून थांबा. लपवू नका, सगळ्या सेमिस्टरच्या गुणपत्रिका पडताळणीत मागतात.

पुणे-मुंबई सोडून चेन्नई, हैदराबाद किंवा कोची चालेल का, रात्रपाळी चालेल का, यांची उत्तरं घरच्यांशी बोलून आधीच ठरवा. तिथे “हो” म्हणून नंतर रुजू न झाल्यास महाविद्यालयाचे त्या कंपनीशी संबंध बिघडतात आणि त्याचा फटका पुढच्या तुकडीला बसतो.

दुबळी बाजू विचारली तर ‘मी फार परफेक्शनिस्ट आहे’ हे उत्तर ऐकून समोरचे कंटाळलेले असतात. खरी, पण कामाला अडवणार नाही अशी गोष्ट सांगा आणि तिच्यावर काय करताय तेही. “मी गटाला सोबत घेऊन काम करतो” असं काही म्हणायचं असेल तर त्यामागे घडलेला प्रसंग हवा: काय अडलं होतं, तुम्ही काय केलं, शेवटी काय झालं. शेवटी “काही विचारायचंय?” असं म्हटल्यावर गप्प बसू नका. पहिले सहा महिने प्रशिक्षण कसं असतं, नवीन मुलांना कोणत्या प्रकारच्या कामावर घेतात, हे विचारा. पगाराचे प्रश्न ऑफर आल्यावर.

त्या दिवशी

फाइलमध्ये रेझ्युमेच्या पाच प्रती, दहावी, बारावी किंवा डिप्लोमा आणि सर्व सेमिस्टरच्या गुणपत्रिकांच्या मूळ प्रती आणि झेरॉक्स, आधार, पॅन, कॉलेजचं ओळखपत्र, सहा पासपोर्ट फोटो. नावाकडे खास लक्ष द्या. महाराष्ट्र बोर्डाच्या प्रमाणपत्रावर आडनाव आधी असतं, आधारवर अनेकदा शेवटी, आणि कुठे वडिलांचं नाव गळालेलं असतं. क्रमाचा फरक सहसा चालतो, स्पेलिंगचा फरक अडकतो. आधार-पॅन दुरुस्त करायला वेळ लागतो, म्हणून ते काम हंगामाच्या दोन महिने आधी उरका. कपडे इस्त्री केलेले, साधे, अंगात नीट बसणारे. शर्ट-पँट किंवा सलवार-कुर्ता, दोन्ही चालतात.

ऑनलाइन मुलाखत असेल तर उजेड समोरून यावा. खिडकी पाठीमागे असली की चेहरा काळा दिसतो. कॅमेरा डोळ्यांच्या उंचीला आणा, लॅपटॉपखाली चार पुस्तकं ठेवली तरी काम होतं. वायरचे इअरफोन वापरा, ब्लूटूथ ऐन वेळी तुटतो. लॅपटॉप पूर्ण चार्ज असू द्या आणि दुसऱ्या कंपनीच्या सिमचा हॉटस्पॉट तयार ठेवा, कारण गावाकडे वीज गेली की वाय-फायही जातं. बाजूला उत्तरं उघडून ठेवण्याचा मोह टाळा. वाचतानाची डोळ्यांची हालचाल लगेच कळते.

बाहेर आल्यावर तासाभरात सगळे प्रश्न वहीत उतरवा. पुढच्या मुलाखतीसाठी याच्याइतकी नेमकी यादी कोणीच देऊ शकत नाही.

ऑफर हातात आल्यावर

महाविद्यालयाचा ‘एक विद्यार्थी, एक नोकरी’ असा नियम असेल तर तो मुलाखतीला बसण्याआधीच वाचलेला हवा. पहिली ऑफर स्वीकारल्यावर दुसऱ्या कंपनीचं दार बंद होऊ शकतं.

सीटीसी (कॉस्ट टू कंपनी, म्हणजे कंपनीचा तुमच्यावरचा वर्षाचा एकूण खर्च) म्हणजे हातात येणारा पगार नव्हे. समजा ३ लाख ६० हजारांची ऑफर आहे, म्हणजे महिन्याला ३०,०००. मूळ वेतन १५,००० धरलं तर कंपनीच्या वाट्याचा पीएफ १,८०० आणि ग्रॅच्युइटीचे सुमारे ७२० रुपये त्यातच धरलेले असतात. उरलेल्या २७,४८० मधून तुमच्या वाट्याचा पीएफ १,८०० आणि व्यवसाय कर २०० कापला की साधारण २५,४८० उरतात. व्हेरिएबल पे (कामगिरीवर अवलंबून असलेला भाग) १० टक्के असेल तर दरमहा आणखी ३,००० कमी. आकडे कंपनीप्रमाणे बदलतील, हिशेबाची पद्धत हीच.

बॉण्ड (ठरावीक मुदतीआधी नोकरी सोडल्यास पैसे भरण्याचा करार) असेल तर चार गोष्टी लेखी पाहा: किती महिने, किती रक्कम, मुदत प्रशिक्षणापासून मोजतात की त्यानंतर, आणि प्रशिक्षणातल्या परीक्षेत नापास झाल्यास काय. मूळ गुणपत्रिका कोणाकडेही ठेवायला देऊ नका. दाखवा आणि परत घ्या.

नोंदणी शुल्क, लॅपटॉपची अनामत, प्रशिक्षणाचं शुल्क, अशा कोणत्याही नावाने पैसे मागितले तर थांबा. ऑफर कंपनीच्या स्वतःच्या डोमेनवरून आली आहे की मोफत ईमेल सेवेवरून, हे पाहा. कंपनीच्या अधिकृत संकेतस्थळावरून क्रमांक घेऊन स्वतः फोन करा, पत्रात छापलेल्या क्रमांकावर नको. फसवणूक झालीच तर १९३० या सायबर हेल्पलाइनवर ताबडतोब कळवा, कारण पैसे पुढे सरकण्याआधी खातं गोठवण्याची शक्यता पहिल्या काही तासांतच जास्त असते.